साडेचार की साडेपाच

आयुष्यात मी एकच बंदूक विकत घेतली. पैसे माझे, घासाघीस माझी, कागद मात्र अरबाबच्या नावावर. अरबाब म्हणजे माझा स्थानिक भागीदार. त्याच्या सहीशिवाय त्या देशात मला पानाची टपरीसुद्धा टाकता आली नसती. माझं दुकान, माझी पिकअप, भिंतीवरचं लायसन, माझा स्वतःचा व्हिसा, सगळं त्याच्या सहीवर उभं. तेव्हा बंदूक त्याच्या नावावर असण्यात नवल काही नव्हतं. राग आला, पण तो राग मला रोजच यायचा.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या आसपासची. आखातात, मुसफ्फा नावाच्या औद्योगिक वस्तीत, माझा पेस्ट कंट्रोलचा धंदा होता. दहा वर्षांपूर्वी राजापूरकडून वेल्डरचा हेल्पर म्हणून आलो होतो. लेबर कॅम्पातल्या ढेकणांवर औषध मारायला एक माणूस यायचा, त्याच्याशी बोलता बोलता कळलं की वेल्डिंगपेक्षा ढेकणांत बरकत आहे. त्याच्या हाताखाली चार वर्षं पंप पाठीवर घेऊन फिरलो, मग अरबाब शोधला, मग स्वतःचं सुरू केलं. कुणी मला बोट धरून काही शिकवलं नाही. जे मिळवलं ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून, त्याला किती घाई आहे हे ओळखून मिळवलं.

माझं सगळ्यात मोठं काम एका गोदामाचं होतं. तांदूळ, डाळी आणि उंट-शेळ्यांचं खाद्य. वर्षाचं कंत्राट. बाकीची कामं म्हणजे कुठे कॅफेटेरियातली झुरळं, कुठे व्हिलातल्या मुंग्या. त्या एका गोदामावर माझा पगाराचा दाखला निघायचा, आणि त्या दाखल्यावर बायको आणि मुलगी माझ्याजवळ राहू शकत होत्या. फॅमिली व्हिशाला अमुक पगार लागतो, त्याच्याखाली एक दिरहॅम गेला तरी चालत नाही. अरबाब खोटा दाखला देत नसे. वहीत जेवढं दिसेल तेवढंच लिहायचा. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाशी घासाघीस करता येत नाही.

गोदामाचा मॅनेजर पुण्याचा. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. मला तो 'शेठ' म्हणायचा, आणि त्या शब्दात मान सोडून सगळं काही असायचं. जानेवारीतल्या एका गुरुवारी त्याने मला फोन करून बोलावून घेतलं आणि मधल्या रस्त्यात उभं केलं.

"शेठ, वर बघा."

मी बघितलं. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर कबुतरं ओळीने बसली होती. खालच्या पोत्यांवर पांढरे ओघळ.

"किती असतील?"

"साठेक."

"मागच्या महिन्यात तुम्ही चाळीस म्हणाला होता. तुम्ही मारताय की पाळताय?"

बाजूचे दोन लोडर हसले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मॅनेजर कुणाची तरी फिरकी घेतोय एवढं कळलं.

मी म्हटलं, "साहेब, शटर दिवसभर उघडं असतं. तीन वेळा लेटर दिलंय तुम्हाला. शटर उघडं, खाली दाणे सांडलेले. कबुतर काय, मी असतो तर मीही आत आलो असतो."

"लेटर मिळालं मला. फोर्कलिफ्ट काय खिडकीतून आणू? हे बघा, आजपासून सतराव्या दिवशी, रविवारी, म्युनिसिपालिटीचं इन्स्पेक्शन आहे. मला कारणं नकोत, मला सीलिंग क्लीन पाहिजे. दुबईच्या एका मोठ्या कंपनीचं कोटेशन माझ्या टेबलावर पडलंय. मी अजून उघडलेलं नाही. बस."

सतरा दिवस. आणि बायको-मुलीचा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपत होता.

करायचं ते सगळं मी आधीच करून बसलो होतो. तांदळाच्या गोदामात विष चालत नाही. जाळी लावली, ती फोर्कलिफ्टने पंधरा दिवसांत फाडली. चिकट जेल लावलं, त्यावर धूळ बसून ते सिमेंट झालं. प्लास्टिकचं घुबड टांगलं, तर तिसऱ्या दिवशी एक कबुतर त्याच्या डोक्यावर बसलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. उरली बंदूक.

त्याच संध्याकाळी मी अरबाबच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गेलो. कहावा म्हणजे त्यांची कॉफी झाली, खजूर झाला, तब्येतीची चौकशी झाली, तेव्हा कुठे विषय काढता आला. अरबाबचा चेहरा खुलला. शिकार हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. आत जाऊन तो स्वतःची रायफल घेऊन आला. टू-टू. काडतुसाची, खरी. तरुणपणी तिने वाळवंटात ससे मारले होते म्हणाला.

"ये ले जाओ. फ्री."

फुकट हा शब्द ऐकला की माझं डोकं आधी हो म्हणतं आणि मग विचार करतं. मी हात पुढे केलाच होता. पण दाराशी अरबाबच्या मळ्यावरचा म्हातारा बसला होता. बलुचिस्तानचा, साठीचा. खजुराची बाग, शेळ्या आणि कोंबड्या सांभाळायचा. बागेतले उंदीर, कावळे, कोंबड्यांवर येणारा कोल्हा, सगळं तोच बघायचा. त्याला सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो.

"छत किसका है?" त्याने विचारलं.

"पत्रा."

"बाजू में क्या है?"

"लेबर कॅम्प."

"तो इसका नाम मत लो. ये गोली पत्रे से नहीं रुकेगी. उधर जाके किसी के चावल की थाली में गिरेगी."

अरबाबने मान हलवली आणि रायफल आत ठेवून आला. मग चाचाने मला सांगितलं, हवेची घे. एअरगन. आत बारीक शिशाचा छर्रा, मागे स्प्रिंग. पत्र्याखाली तीच चालते. आणि घेताना साडेपाच घे.

एअरगन दोन मापांत येते, हे मला तिथे कळलं. साडेचार मिलिमीटर आणि साडेपाच मिलिमीटर. एक मिलिमीटरचा फरक. माझ्या करंगळीच्या नखाइतकाही नाही.

"साढ़े चार नहीं चलेगी?"

"चलेगी. साढ़े चार सुई है, साढ़े पाँच मुक्का है. कबूतर को सुई मारोगे तो वो उड़ के दूसरी जगह जाएगा, उधर मरेगा. मुक्का मारोगे तो इधर ही गिरेगा. सुई उसके लिए है जो सिर में मारता है. तुम सिर में मारते हो?"

मी म्हटलं, माझ्या बापाकडे बंदूक होती. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे शेतीच्या राखणीला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. वानर, डुक्कर यांच्यासाठी. बाप दारू ठासायचा, छर्रे ओतायचा, चिंधी कोंबायचा, आणि बार झाला की सगळी वाडी दणाणायची. वानर मेलं नाही तरी आठ दिवस फिरकायचं नाही. मी ती आयुष्यात दोनदा चालवली होती. चाचाला मी दोनदाचं सांगितलं नाही.

अरबाबने अट घातली. बंदूक त्याच्या नावावर, त्याच्या घरात राहील. फक्त शुक्रवारी, गोदाम बंद असेल तेव्हा, चाचा ती घेऊन येईल आणि सूर्य मावळायच्या आत परत आणेल. चाचा तिच्यापासून हलणार नाही. इन्स्पेक्शनच्या आधी शुक्रवार तीन होते, पण पहिला दुसऱ्याच दिवशी, आणि बंदूक अजून दुकानात. म्हणजे माझ्या हातात दोन.

शनिवारी अरबाबचं पत्र घेऊन मी शारजाला गेलो. तिथल्या रोल्ला बाजारात मागच्या गल्लीत शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तंबू, सुऱ्या, ससाण्यांच्या टोप्या. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने साडेपाचची एक काढून काउंटरवर ठेवली.

"साढ़े छह सौ. फिक्स."

तेराने गुणलं. साडेआठ हजार रुपयांच्या घरात. मी म्हटलं, "इतने में तो हमारे गाँव में बैल आता है."

"तो बैल ले लो. कबूतर मारेगा."

माणूस तयारीचा होता. मी बंदूक उचलली, ठेवली, दाराकडे दोन पावलं गेलो, परत आलो. तो हलला नाही. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्याची नजर सारखी खालच्या कप्प्यातल्या एका खोक्याकडे जातेय. खोक्यावर धूळ होती. काढायला सांगितलं. साडेचारची. दिसायला जास्त रुबाबदार, काळा दस्ता, वर दुर्बीण बसवायची सोय.

"इसका स्पीड देखो," तो म्हणाला, आणि खोक्यावरचा आकडा दाखवला. मग साडेपाचच्या खोक्यावरचा. खरंच, साडेचारचा आकडा बराच मोठा होता.

आता मी काय विचार केला ते स्पष्ट लिहितो, कारण तो विचार मला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता. वेग जास्त म्हणजे मार जास्त. म्हातारा बिचारा जुन्या काळातला, त्याला नव्या मालाची काय माहिती. आणि दुकानदाराला हे धुळीचं खोकं संपवायचंय. ज्याला विकायची घाई त्याच्याकडून घ्यायचं, यावर तर मी धंदा उभा केला. अर्धा तास मी त्याला पिळला. त्याचा चहा प्यायलो. शेवटी चारशे दिरहॅममध्ये बंदूक, वर दुर्बीण, आणि टोकदार छर्ऱ्यांचे सहा डबे फुकट. टोकदार मी मागून घेतले, दिसायलाच जहाल होते.

पिकअपमध्ये बसलो तेव्हा मी शीळ घालत होतो. ते खोकं एवढे दिवस धूळ खात का पडलं होतं, हे मी त्याला विचारलं नाही.

कागदपत्रांत चार दिवस गेले. उरलेल्या दोनांतल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी चाचा बंदूक घेऊन गोदामात आला. त्याने ती उघडली, नळीतून उजेडाकडे बघितलं, एक छर्रा बोटांत फिरवला.

"साढ़े चार."

"स्पीड जास्ती है चाचा."

"हाँ. भागनेवाले का स्पीड जास्ती ही होता है."

तो म्हणाला, आधी पुठ्ठ्यावर नेम बसवू, मग मी मारतो. मी म्हटलं, मारणार मी. माझं काम, माझं गोदाम, माझे पैसे. नेम बसवण्यात तासभर घालवायला माझ्याकडे तास नव्हता. चाचा एका पोत्यावर बसला आणि त्याने तस्बीह, जपाची माळ, काढली.

ठासणीच्या बंदुकीत आणि हिच्यात काही एक सारखं नव्हतं. बापाची बंदूक घट्ट धरायची, खांद्यात रुतवायची. ही घट्ट धरली की स्प्रिंग सुटताना उडी मारायची आणि छर्रा भलतीकडे जायचा. आवाज नाही, धूर नाही. नुसता एक खटका. पहिल्या कबुतराची छाती धरून मी घोडा ओढला. दोन पिसं गिरक्या घेत खाली आली. कबुतर जरासं थरथरलं, सरळ बसलं, मग उडून पार पलीकडच्या टोकाला, गोदामातल्याच ऑफिसच्या छतामागे गेलं.

"लगा," मी म्हटलं.

"लगा," चाचा म्हणाला. "गिरा नहीं."

असंच चाललं. लागायचं, पडायचं नाही. काही पडली. बरीच थरथरून उडाली आणि रॅकच्या मागे, छताच्या कोपऱ्यात, कुठे कुठे गेली. मी पंप मारावा तशी नळी खाली वाकवून वाकवून छर्रे भरत होतो. खांदा दुखत होता, आणि मनात फक्त फेब्रुवारीची शेवटची तारीख.

साडेअकराला चाचा उठला. जुम्म्याची नमाज. बंदूक पिशवीत घालून बरोबर न्यायला लागला, तर मी हात जोडले. मशिदीत बंदूक कशी नेणार, इथेच राहू दे, मी हात लावत नाही. त्याने पिशवी पोत्यावर ठेवली.

"मैं आऊँ तब तक नहीं चलाना."

"नहीं चलाएगा."

तो शटरच्या छोट्या दारातून बाहेर गेला आणि मी पिशवी उघडली. दीड तास फुकट जाऊ देणं मला शक्यच नव्हतं. आणि नेमकी दुपारी कबुतरं उजेडाला येऊन बसली. गोदामाच्या छतात मधून मधून फायबरचे पांढुरके पत्रे होते, उजेडासाठी. त्यांच्याखाली कबुतर कसं स्वच्छ काळं दिसायचं. मला वाटलं आता जमतंय. एक पूर्ण डबा मी त्या दीड तासात संपवला.

चाचा परत आला तेव्हा मी घामाने निथळत होतो. तो खाली पडलेली कबुतरं मोजत गेला. चौदा. मग वर बघितलं. मीही बघितलं, आणि तेव्हाच मला ते दिसलं. फायबरच्या पत्र्यांमध्ये ऊन आत शिरणारी बारीक बारीक भोकं. टाचणीने टोचल्यासारखी. एका पत्र्यात पाच, दुसऱ्यात चार, पुढे आणखी.

तो ओरडला नाही. त्याने बंदूक पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि म्हणाला, "आज खलास."

सोमवारी गोदामात वास यायला लागला. मॅनेजरने फोनवर विचारलं, "शेठ, काय टाकलंय वर?" मी म्हटलं, नवीन औषध. त्या दिवसापासून मी रोज माझ्या दोन माणसांना घेऊन रॅकच्या मागे, पॅलेटखाली टॉर्च मारत फिरत होतो. रोज दोन-तीन सापडायची. सगळी सापडली का, हे कुणाला ठाऊक.

घरी बायकोने माझे कपडे बादलीत वेगळे भिजवले. आम्ही आता जिला मोहम्मद बिन झायद सिटी म्हणतात त्या बाजूला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो.

"म्हातारा काय म्हणाला होता घ्यायला?" तिने विचारलं.

"साडेपाच."

"आणि तुम्ही?"

"अडीचशे दिरहॅम वाचवले. सव्वातीन हजार रुपये होतात."

तिने बादलीवर झाकण ठेवलं. मुलगी नववीत होती, टेबलावर अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स सो क्रुअल."

"तुझी फी कबुतरं भरत नाहीत," मी ओरडलो. ती आत निघून गेली. बायको म्हणाली, "तिच्यावर कशाला?" खरंच, तिच्यावर कशाला.

मंगळवारी मी रोल्लाला गेलो. बंदूक बदलून दे म्हटलं, वरचे पैसे देतो. दुकानदार म्हणाला, कागदावर नंबर चढला, आता तुमच्या अरबाबला येऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आठवडा जाईल. मी काउंटरवर मूठ आपटली. गल्लीतले लोक दारात जमले. त्याला मी चोर म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो.

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "भाई, आपने एक बार बोला किस काम के लिए चाहिए? सिर्फ भाव पूछा. जितना पूछा उतना बताया."

मी दारातल्या गर्दीतून वाट काढत पिकअपकडे निघालो. उत्तरं नंतर खूप सुचली.

दुसऱ्या शुक्रवारी मी बंदुकीला हात लावला नाही. चाचाने निरोप पाठवला होता त्याप्रमाणे गुरुवारी दुपारीच मी गोदाम झाडून घेतलं, एक दाणा ठेवला नाही, आणि शटर घट्ट बंद करवलं. सकाळी चाचा आला. बरोबर त्याचे स्वतःचे छर्रे, गोल डोक्याचे. आधी पंधरा पावलांवर पुठ्ठा लावून त्याने दहा-बारा मारले, प्रत्येक वेळी दुर्बिणीचा स्क्रू केसभर फिरवत. मग रिकाम्या गोणपाटांची उंच थप्पी रचून घेतली, तिच्यापुढे जमिनीवर मूठभर ज्वारी टाकली, आणि पंधरा पावलांवर पोत्याआड आडवा झाला. बंदूक पोत्यावर, हात तिच्याखाली नुसता टेकवलेला, पाळण्यातल्या पोराला धरावं तसा.

भुकेली कबुतरं एकेक करून खाली उतरली. खटका. मान खाली. बाकीची उडायची, पुन्हा यायची. खटका. त्याने घाई केली नाही. कबुतर मान हलवत असेल तर तो थांबायचा. मला वाटायचं आता मार, अरे मार, आणि तो थांबलेलाच. जो छर्रा चुकला तो गोणपाटात गेला. नमाजेला गेला तेव्हा बंदूक त्याने माझ्या पिकअपमध्ये कुलपात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मी बघून घेतलं. चार वाजेपर्यंत अठ्ठावीस कबुतरं झाली. कैच्यांवर चार-पाच उरली असतील.

"चाचा, साडेचार से भी जम गया," मी म्हटलं. मला थोडं तरी माझं खरं करून घ्यायचं होतं.

"मेरे से जम गया," तो म्हणाला. "तुमको साढ़े पाँच चाहिए था. बंदूक कबूतर को देख के नहीं लेते, अपने हाथ को देख के लेते हैं."

रविवारी इन्स्पेक्शन झालं. इन्स्पेक्टर शांत माणूस. बरोबर मॅनेजर, मॅनेजरचा मोठा साहेब, आणि मागे मी. कैच्यांकडे बघून इन्स्पेक्टरने मान डोलावली. माझ्या छातीवरचा धोंडा थोडा हलला. मग त्याने ऑफिसच्या छताची एक फळी काढायला लावली. शिडीवर चढलेला माणूस नाक दाबून खाली आला. आत तीन होती. नऊ दिवसांपूर्वीची, अळ्या पडलेली. सुई लागून उडालेली, तिथे जाऊन मेलेली. ऑफिसच्या छतात शोधायचं मला सुचलंच नव्हतं. मग इन्स्पेक्टरने वर बोट करून ती भोकं दाखवली. तांदळावर धूळ येईल, पाणी येईल. त्याने लिहिलं: पंधरा दिवसांत दुरुस्त करा, परत बघायला येईन.

पंधरा दिवस. इथे मी गप्प बसलो असतो तर ही आठवण कदाचित मी लिहिलीच नसती.

मोठ्या साहेबाने मॅनेजरला विचारलं, एवढी कबुतरं मुळात आली कशी. मॅनेजर इंग्रजीत म्हणाला की कॉन्ट्रॅक्टरचं काम वीक आहे. माझ्या डोक्यात सणकन काहीतरी चढलं. आठवडाभराचा वास, रोल्लातला अपमान, सगळंच. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, शटर ऑलवेज ओपन, थ्री लेटर आय गिव्ह, ही पुट इन ड्रॉवर. धावत पिकअपमध्ये गेलो, तिन्ही पत्रांच्या प्रती आणल्या, साहेबाच्या हातात ठेवल्या. त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचल्या. मॅनेजरकडे बघितलं. घडी करून खिशात ठेवल्या आणि मला थँक यू म्हणाला.

पत्रांतला शब्द न् शब्द खरा होता. आजही मी तेच म्हणेन.

बाहेर गाडीपाशी मॅनेजर माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याने शेठ म्हटलं नाही.

"अहो, पंधरा दिवस मी तुम्हालाच देणार होतो. साहेबासमोर काहीतरी बोलावं लागतं माणसाला. कळायला नको का?"

खरं बोलला की मला आयुष्यभर जाळायला बोलला, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला म्हटलं, आताही द्या. तीन महिने फुकट काम करतो. छताचे पत्रे माझ्या खर्चाने बदलून देतो. आयुष्यात मी कधी माझाच भाव पाडला नव्हता, त्या दिवशी उन्हात उभा राहून पाडत गेलो. तीनचे सहा महिने केले. तो किल्ली बोटावर फिरवत ऐकत राहिला, मग गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी कंत्राट रद्द झाल्याचं पत्र आलं, सही त्याची.

अरबाबकडे गेलो. एक वर्षासाठी जुना आकडा लिही म्हणून विनवलं. त्याने माझा हात हातात घेतला. "ये झूठ है. झूठ पे मैं साइन नहीं करता. फिर काम आएगा, इन्शाल्ला, फिर बुलाना फॅमिली को." चाचा दाराशी होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले. ती रडली नाही. तिने विचारलं, "परीक्षा?" मुलीची वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्यावर होती, व्हिसा फेब्रुवारीअखेर. परीक्षा न देता गेली तर तिकडे पुन्हा नववीत बसावं लागलं असतं.

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी नियम सांगितला. एका मुलीसाठी वेगळे पेपर काढता येत नाहीत. मी उठलो नाही. शिपाई दोनदा आत डोकावून गेला. मी आवाज चढवला नाही, मूठ आपटली नाही. मी नुसतं बोलत राहिलो, आणि या वेळी सगळं आधी सांगितलं, कशासाठी पाहिजे ते. कबुतरांपर्यंत सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, सात पेपर, चार दिवसांत, माझ्या केबिनबाहेरच्या टेबलावर. झेपेल तिला? मी तिला न विचारताच हो म्हणालो.

दिवसाला दोन पेपर. मी चारही दिवस कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून होतो. कामं होती कुठे. ती मान खाली घालून लिहायची, मधेच मनगट झटकायची. चौथ्या दिवशी दुपारी भूगोलाचा पेपर देऊन ती उठली, कंपास बंद केली आणि माझ्याजवळ येऊन बसली. बोटांना शाई होती.

"कसा गेला?"

"ओके." तिने शाईची बोटं रुमालाला पुसली. "बाबा, इज देअर अ गुड इंग्लिश मीडियम स्कूल निअर आवर व्हिलेज?"

"आहे," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं.